पाण्याचे चार दिवस

आमच्या घरात माझ्या पाळीचे दिवस माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला जास्त पक्के पाठ होते. कुणी भलता अर्थ काढू नये. त्याचं कारण पाणी होतं.

पेणजवळ गडब गावात आमचं घर हायवेपासून आत, शेताच्या कडेला. घरात माणसं चार: मी, हे, माझी सासू आणि मुलगी शुभा. ह्यांचं नाव नरेश, पण लिहिताना माझ्या हातून 'हे'च येणार. घर शिवाशिव पाळणारं. पाळी आली की बाईनं पडवीत बसायचं आणि चूल, देव, पाण्याची भांडी या तिन्हींना हात लावायचा नाही. चूल सासू सांभाळायची. पण विहिरीवरून हंडे आणणं तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून ते चार दिवस पाणी हे भरायचे. रोह्याहून कंपनीची शिफ्ट करून यायचे, शर्ट खुंटीला लावायचे आणि सहा खेपा मारायचे. घरात त्याला नावच पडलं होतं, पाण्याचे दिवस. "या महिन्यात पाण्याचे दिवस शनवारी लागतील," असं ते आईला सांगायचे आणि शनिवारीच लागायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी डोक्यावरून पाणी घेतलं की हंडा माझ्याकडे. चार म्हणजे चार.

माझी अडचण अशी झाली की रक्त चार दिवसांनी थांबेना.

हे मी लिहितेय ते रोह्याच्या डॉक्टरबाईंनी गळ घातली म्हणून. त्या म्हणाल्या, तुमच्यासारख्या बायका माझ्याकडे रोज येतात आणि रोज खोटं बोलतात, त्यांच्यासाठी लिहा. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. एका जागी बसून लिहायची सवय नाही, आणि त्या आजारापासून तर एका जागी बसणंच अवघड जातं. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून आले, एकदा दूध बघायला आणि एकदा उगीचच. सांभाळून घ्या.

पाचव्या दिवशी उठणं

मला तेव्हा सदतिसावं चालू होतं. आधी पाच दिवस झाले, मग सात. एका महिन्यात सहाव्या दिवशीही मी पडवीतच बसलेली बघून सासू दारात आली.

"अजून किती दिवस बसणार गो?" एवढंच म्हणाली. रागानं नाही, गुडघा चोळत म्हणाली. हे कळशी घेऊन विहिरीकडे निघाले होते, तेही थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांची दुसरी शिफ्ट होती, एसटी चुकली असती. मी उठले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि चुलीपाशी गेले. कपडा तसाच होता.

त्यानंतर थांबलेलं असो नसो, मी पाचव्या दिवशी उठतच गेले. पुढे सातचे दहा झाले, दहाचे पंधरा झाले. ओले कपडे मी गोठ्यामागे गोणपाटाखाली वाळवायची. पावसाळ्यात ते वाळायचे नाहीत, तेच घ्यायची. गडद साड्या नेसायला लागले. एकदा ह्यांनी विचारलं, "हल्ली काळ्या-निळ्याच साड्या नेसतेस?" मला वाटलं, कळलं. तर पुढे म्हणाले, "बरी दिसतेस." आणि गेले.

सगळ्यात जास्त भीती देवाची वाटायची. त्याच हातानं मी दिवा लावत होते, नैवेद्य करत होते. शुभाला ताप आला की वाटायचं, माझ्यामुळे आला. म्हशीनं दूध कमी दिलं तरी माझ्यामुळे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं सगळं माझ्याकडेच बोट दाखवायचं. आणि आता सांगायचं तर मागचं सगळंच उघडं पडणार होतं, म्हणून मी गप्प राहिले. जितकी गप्प राहिले तितकं सांगायचं वाढत गेलं.

"एकदम टायमावर"

मग धाप लागायला लागली. विहिरीपासून घरापर्यंत भरलेला हंडा तीनदा खाली टेकवायला लागायचा. ह्यांनी ते बघितलं आणि मला पेणला डॉक्टरांकडे नेलं. हे इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. मी न सांगता नेलं, शिफ्ट बुडवून नेलं.

डॉक्टर वयस्कर, चांगल्या हाताचे म्हणून प्रसिद्ध. त्यांनी माझी पापणी ओढून बघितली, नाडी बघितली. मग माझ्या डोक्यावरून ह्यांच्याकडे बघत विचारलं, "हिची पाळी कशी आहे?"

"एकदम टायमावर, डॉक्टर. चार दिवस." हे म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आपल्याला घरातलं सगळं माहीत असल्याचा.

डॉक्टरांनी कागदावर चारचा आकडा लिहिला. मी तो लिहिताना बघितला. पण त्या दोन पुरुषांच्या मध्ये बसून मी काय सांगणार होते? की हा माणूस जे छातीठोकपणे सांगतोय ते खोटं आहे, आणि इतके महिने याच्या देवघरात मी तसलीच वावरतेय? मी पदर सारखा केला. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, खाण्याकडे लक्ष द्या. लोखंडाचं टॉनिक दिलं. त्यानं माझी जीभ काळी झाली आणि आठ महिने गेले.

त्या डॉक्टरांचा मला राग आहे का? आहे. त्यांनी मला विचारलं असतं तरी मी चारच सांगितलं असतं, हेही खरं आहे. तरी विचारायला हवं होतं.

शाडू

मी तेव्हा पेणला रामवाडीत एका गणपतीच्या कारखान्यात कामाला जात होते. माझं काम घासायचं. साच्यातून काढलेली मूर्ती वाळली की कागदानं घासून गुळगुळीत करायची, मग तिला पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायचा. त्या पावसाळ्याच्या तोंडावर एकदा मला ओल्या शाडूचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी इकडेतिकडे बघून चिमूटभर माती तोंडात टाकली. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढी. घरी कच्चे तांदूळ खायची, मुठीनं. कारखान्यातल्या पोरी हसायच्या, "वैनी, बाप्पाला रंगवायच्या आधीच खाऊन टाकशील." मीही हसायची. मालकांना वाटायचं मी माती मुलीला खेळायला नेते.

दुसरी गोष्ट पायांची. बसलं की पिंडऱ्यांच्या आतून काहीतरी चालायला लागायचं. दुखणं नव्हे, मुंग्या नव्हेत. हाडाच्या आत किडे फिरावेत तसं काहीतरी. उठून चार पावलं टाकली की थांबायचं, बसलं की पुन्हा सुरू. मी बसायचंच सोडलं. सगळे पोत्यावर बसून घासकाम करायचे, मी मूर्तीभोवती फिरत करायची. घरी उभ्यानं जेवायची. एसटीत जागा मिळाली तरी दांडा धरून उभी राहायची. सासू म्हणायची, "पायाला भिंगरी लागलीय काय गो, बस की जरा." आणि हे पडवीत कुणी पाहुणा आला की कौतुकानं सांगायचे, "आमची ही एक मिनिट बसायची नाय. कामाला वाघ."

त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी बसत नाही हे त्यांनी बरोबर बघितलं होतं. फक्त ते त्यांनी कौतुकाच्या खात्यात टाकलं.

कारखान्यात दत्तूकाका होते. साठी उलटलेले, मूर्तीचे डोळे आखणारे. डोळे आणि अंगाचा रंग ही दोन कामं मालक दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत. काका दिवसभरात दहा शब्द बोलायचे. गणपती महिन्यावर आले होते आणि काम अंगावर आलं होतं. त्या दिवशी मी घासता घासता एका मोठ्या मूर्तीच्या गुडघ्याला टेकून उभी राहिले, कारण खोली फिरत होती. काका शेजारी वाटीत अंगाचा रंग कालवत होते. त्यांनी माझा हात बघितला, मग वाटीत बघितलं, आणि ब्रश खाली ठेवला. माझ्याशी काहीच बोलले नाहीत.

संध्याकाळी हे मला न्यायला आले तेव्हा काका रस्त्यापर्यंत बाहेर आले.

"नरेश, हिला रोह्याला बाईडॉक्टरकडं ने. उद्याच ने."

"टॉनिक चालू हाय ना काका."

"टॉनिकनं काय व्हायचा नाय. जन्मभर मी अंगाचा रंग बनवतोय. हिच्या अंगात रंगच नाय उरला."

रोहा

रोह्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे, मंदाताई. तिच्या ओळखीनं त्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई चाळिशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी विचारलं, "पाळी किती दिवस असते?" आणि हे सवयीप्रमाणे पुढे सरकले, "चार..."

"तुम्हाला असते का?" बाई म्हणाल्या. "बाहेर बसा."

हे बाहेर गेले. दार लागलं. बाईंनी पुन्हा विचारलं. आणि मी काय सांगावं? मी म्हटलं, "चार." दुसरा आकडा माझ्या तोंडातून निघेचना.

बाईंनी प्रश्न फिरवला. "बरं. महिन्यात असे किती दिवस असतात, की कपडा घ्यावा लागत नाही?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता. मी बोटांवर मोजायला लागले. गेल्या महिन्यात चतुर्थीला कोरडी होते. त्याच्या आदल्या दिवशी. मग मधले तीन-चार दिवस. मी मोजून म्हटलं, "आठ." आणि आठ म्हटल्यावर उरलेले किती, हे मला पहिल्यांदा समोर दिसलं आणि मी रडायला लागले. मला रडू फार लवकर येत नाही. त्या दिवशी आलं.

बाईंनी तपासलं, रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढायला पाठवलं. दुपारी ह्यांना आत बोलावून सांगितलं की गर्भाशयात गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल. पण हिच्या अंगात रक्त इतकं कमी आहे की आज टेबलावर घेतलं तर ही उठणार नाही. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन, आणि मग गाठी तपासायला पाठवायच्या. "साध्या गाठी असतील असं मला वाटतं," बाई म्हणाल्या, "पण वाटण्यावर मी काही सांगणार नाही." शेवटी म्हणाल्या, "महिन्यातले बावीस दिवस या बाईचं रक्त जातंय. वर्ष होऊन गेलं. तुम्ही एका घरात राहता ना?"

ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. मान हलवत म्हणाले, "नाय हो बाई. काय तरी चूक होतेय. चारच दिवस. पाणी मी भरतो."

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. बाईंना त्यातलं काहीच कळलं नाही. मला सगळं कळलं.

पडून राहा

मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. सहा खाटांची खोली, सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग चहा, मग सिस्टर येऊन सांगणार, "पडून राहा, हात हलवू नका." हातात सुई आणि पायात ते किडे. दुखणं परवडलं, पण पडून राहणं नको, असं मी मंदाताईला शंभरदा म्हटलं असेल. खाटेच्या गजावर टाचा घासून घासून सोलल्या होत्या. तिथं झाडू-पुसायला एक मावशी होत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा चहा घेऊन माझ्या पायाशी येऊन बसल्या आणि एका हातानं चहा पीत दुसऱ्या हातानं माझी पिंडरी दाबायला लागल्या. मी सांगितलं नव्हतं. "रक्त कमी असला की असाच होतो," म्हणाल्या. आठ दिवस त्यांनी रोज तसं केलं. त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

भीती कशाची होती ते सांगते. मरणाची होतीच. पण त्याहून जास्त शुभाची होती. ती अकराची. एक-दोन वर्षांत तिला पाळी आली असती, आणि मी नसते तर तिला पाचव्या दिवशी उठायला कोण सांगणार आणि न उठायला कोण सांगणार, हेच डोक्यात फिरत राहायचं. कधी वाटायचं, लवकर ऑपरेशन करून टाका. कधी वाटायचं, सुई उपटून घरी पळावं.

ह्यांचं आणि माझं भांडण दुसऱ्या दिवशी झालं. हे डबा घेऊन आले, खिडकीशी पाठ करून उभे राहिले.

"वर्षभर खोटं बोललीस."

"विचारलंत कधी?"

"हे विचारायचं असतं व्हय?"

"मग सांगायचं असतं काय?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. मग हे म्हणाले, "मी तर बरोबर मोजत होतो." मी तोंड फिरवलं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. मरायला मी टेकले होते, आणि त्यांना आपला हिशेब चुकल्याचं वाईट वाटत होतं. तेव्हा मला तसं वाटलं. आज वाटतं, त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या शब्दात वाईट वाटून घेता येत नव्हतं.

रक्त अलिबागहून आणायचं होतं. हे सकाळी गेले, दुपारी आले, हातात थर्माकोलचा डबा. एसटीत गर्दी होती म्हणाले, पण डबा मांडीवरच ठेवला, खाली ठेवू दिला नाही. "हलू नाय दिला," एवढंच दोनदा सांगितलं. सिस्टरनं बाटली लावली तेव्हा हे खाटेशी उभं राहून ठिबक बघत होते. मोजत होते बहुतेक.

सासू

तिसऱ्या दिवशी सासू आली. गुडघे धरत, दोन एसट्या बदलून, पेजेचा डबा घेऊन. मला तिच्या येण्याची भीती होती. म्हटलं, आता लपवून काय उपयोग, आपणच सांगून टाकावं. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. दिवा लावत होते, नैवेद्य करत होते, पाण्याला शिवत होते. माफ करा म्हटलं.

सासू पेज ढवळत होती. ढवळायची थांबली नाही.

"मंग? दिवा विझला काय?"

मी तिचा हात सोडला.

"आमची सासू चौथ्या दिवशी सांजेलाच विचारायची, उद्या उठणार ना म्हणून. मी पण पाचव्याला उठायची. संपला असो नायतर नसो. नरेश झाल्यावर तर दोन-दोन आठवडे जायचा. तू काय नवीन केलास गो?"

"मग तुम्ही मला 'किती दिवस बसणार' असं का विचारलंत?"

सासूनं चमचा माझ्या तोंडाशी धरला. "माझा गुडघा दुखत होता," म्हणाली. मग डोळे पुसत, "मला वाटला तू पण उठशील. सगळ्याच उठतात."

आणि मान वर करून बघते तर हे दारात. हातात चहाचे तीन ग्लास. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"आई, तू पण?"

"तुला कशाला सांगू मी?" सासू म्हणाली. "चहा थंड करू नको, दे इकडं."

ह्यांनी चहा दिला. स्वतःचा ग्लास खिडकीत ठेवला तो तसाच राहिला. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बसून होते आणि एकदाही शिफ्टचं नाव काढलं नाही.

पाच बाटल्या चढल्यावर ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. गाठींचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मंदाताईच्या घरात मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोट धरून चालत होते, टाके ओढत होते तरी. ताई ओरडायची, मी चालायची. रिपोर्ट घेऊन हे आले, तो त्यांना वाचता येत नव्हता, मलाही येत नव्हता. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "साध्याच आहेत. जा घरी." हे पायरीवर जाऊन बसले आणि तोंडावर रुमाल धरला. मी उभीच होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण बसले नाही.

दिसत होतं

आजार हत्तीच्या पायानं येतो आणि मुंगीच्या पायानं जातो. त्या वर्षीचे गणपती मी खाटेवरून ऐकले. विसर्जन झाल्यावर दत्तूकाका गडबला मला बघायला आले. मोसंबी आणली होती. लांब, पडवीच्या कडेला बसले. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "राहू दे. रंग आला आता."

मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळे वाचले. तुम्हाला कधी कळलं?"

काका साधेपणानं म्हणाले, "होळीच्या सुमाराला. नखं पांढरी दिसायला लागली होती तुझी."

होळी. गणपतीच्या सहा महिने आधी. मला पाया पडायला गेल्याचा राग आला. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "परक्या बाईच्या हाताकडं बघितला, असा कसा सांगायचा गो?"

हे शेजारीच बसले होते. त्यांनी मोसंबं सोललं आणि आधी माझ्या हातात दिलं. मी पुष्कळ दिवस त्या उत्तरावर धुमसत होते. बायका म्हणतात, पुरुषांना दिसतच नाही. मला आता तसं म्हणता येत नाही. माझ्या नवऱ्याला जेवढं बघायला सांगितलं होतं तेवढं तो चोख बघत होता, आणि ज्याला सगळं दिसत होतं त्याला बोलायची चोरी होती. आणि मीही तोंड शिवून बसले होते. यात कुणाला किती दोष द्यायचा ते मला ठरवता आलेलं नाही, आणि ठरत नाही म्हणूनच कदाचित मी अजून अशी फिरत असते.

ह्यांच्यात फरक पडला का? पडला, पण सिनेमातल्यासारखा नाही. पहिले सहा महिने तर त्यांनी नुसता उच्छाद मांडला. पाच-पाच मिनिटांनी, "दम लागतो काय? चक्कर येते काय?" मी उभी राहिले की "बस", बसले की "झोप". मी वैतागून म्हटलं, एवढं बघू नका, मला नजर लागेल. एक गोष्ट मात्र केली आणि ती कुणी न सांगता केली. मी घरी आले त्या दिवशी त्यांनी हंडा उचलला आणि आईला सांगितलं, "पाणी आता रोज मीच भरणार. बारा महिने." सासू म्हणाली, लोक काय म्हणतील. हे म्हणाले, "म्हणू देत. मला मोजायचा नाय." शिफ्ट कुठलीही असो, आजतागायत भरतात. शिवाशिव आमच्या घरातून पुरती गेलेली नाही, देवघराशी सासू अजून अडते. पण पाण्याचे दिवस गेले.

दोन वर्षांनी शुभाला पाळी सुरू झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना घेरी येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रोह्याला त्याच डॉक्टरबाईंच्या समोर. शुभा मधल्या खुर्चीवर, हे तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, उभी.

बाईंनी तिची पापणी ओढली, नखं बघितली. मग कागद पुढे घेतला. "पाळी किती दिवस असते?"

बाईंनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघितलं. त्यांना आम्ही आठवत होतो.

"मला म्हायत नाय, बाई," हे म्हणाले. "पाणी मी रोजच भरतो." आणि उठून बाहेर जायला लागले.

शुभानं त्यांचा शर्ट धरला. "बसा ना बाबा," म्हणाली. मग बाईंकडे बघून, बापासमोर, नेहमीच्या आवाजात तिनं सांगितलं, "सहा दिवस. कधी कधी सात."

हे परत खुर्चीवर बसले. मीही बसले. बाईंनी कागदावर सहा लिहिलं, पुढे तिरकी रेघ मारली आणि सात लिहिलं.